तोंडानं सलाईन पाजणारा डॉक्टर

परवाची गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमाराला आमच्या समोरच्या घरात एकदम धावपळ सुरू झाली. दार उघडून बघितलं, तर समोरच्या वहिनी तीन वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन उभ्या. मागे त्यांचा मुलगा गाडीची किल्ली शोधतोय. पोराला दुपारपासून जुलाब सुरू झाले होते. आठ-दहा वेळा तरी झालं होतं. पोर मलूल झालेलं, पण रडत होतं आणि सारखं पाणी मागत होतं.

''पाणी का देत नाही त्याला?'' मी विचारलं.

''अहो भाऊजी, पाणी दिलं की लगेच बाहेर पडतंय. म्हणून संध्याकाळपासून बंद केलंय. आता दवाखान्यात नेतो आणि एक बाटली लावून घेतो. बाटली लागली की होईल उभा.''

बाटली म्हणजे सलाईनची. आपल्याकडे आजारपण किती मोठं, हे या बाटल्यांवर मोजतात. 'दोन बाटल्या लावल्या' म्हटलं की भेटायला आलेला पाहुणाही मान डोलावतो. नुसतं 'डॉक्टरांनी पाणी पाजायला सांगितलं' म्हटलं, तर तोच पाहुणा डॉक्टर बदलायचा सल्ला देऊन जातो.

आमच्या घरात ओआरएसची पुडी होती. बायकोनं पाणी मोजून घेतलं, पुडी कालवली आणि चमच्या-चमच्यानं पोराला पाजायला बसली. पोरानं पहिले चार चमचे ओकून टाकले. वहिनींनी माझ्याकडे 'बघा, सांगत नव्हते?' अशा नजरेनं बघितलं. दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरुवात केली. गाडीची किल्ली मात्र हातातच ठेवा म्हटलं. कमी-जास्त वाटलं, तर पाच मिनिटांत निघायचं. तासाभरात पोरानं कपभर पाणी पोटात ठेवलं. पहाटे त्याला लघवी झाली, तेव्हा घरात सगळ्यांना असा आनंद झाला, की पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. सकाळी डॉक्टरांनी तपासलं. झिंकच्या गोळ्या दिल्या आणि 'रात्री केलंत तेच करत राहा' म्हणून घरी पाठवलं. बाटली लागलीच नाही.

ती पुडी हातात होती, तेव्हा मला एका माणसाची आठवण झाली. त्यांचं नाव डॉ. दिलीप महालनाबिस. तुमच्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलं असेल? क्रिकेटपटूंची नावं आपल्याला राखीव खेळाडूसकट पाठ असतात. या माणसाचं नाव मात्र, ज्यांची पोरं त्यांच्या कामामुळे वाचली, त्यांनाही ठाऊक नसतं.

कोलकात्याचा बालरोगतज्ज्ञ

महालनाबिस यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९३४चा. जन्मगाव किशोरगंज. तेव्हा ते अखंड बंगालमध्ये होतं, आज बांगलादेशात आहे. १९५८मध्ये ते कलकत्ता मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. पुढचं शिक्षण त्यांनी लंडन आणि एडिंबरा इथं घेतलं. लहान मुलांचे डॉक्टर म्हणून लंडनच्या 'क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटल फॉर चिल्ड्रेन'मध्ये काम केलं. त्या काळात विलायतेत बस्तान बसलेला डॉक्टर सहसा परत येत नसे. हे आले.

१९६० नंतरच्या त्या दशकात अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं एक संशोधन केंद्र कोलकात्यात चालायचं. महालनाबिस १९६६मध्ये तिथं रुजू झाले. विषय होता पटकी, म्हणजे कॉलरा, आणि जुलाबाचे इतर आजार. रुग्ण बघायचे बेलियाघाटाच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात. बंगालमध्ये कॉलरा दरवर्षी येणारा पाहुणा. कामाला तोटा नव्हता.

पटकी हा शब्द आमच्या पिढीनं आजीच्या तोंडून ऐकलेला आहे. महाराष्ट्रातही तिचा केवढा दरारा होता! गावात साथ आली, की मरीआई कोपली म्हणायचे. तिचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचे. पुढच्या गावानं मग तो आपल्या शिवेबाहेर सोडायचा. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना पटकीची सुई टोचायचे, तेही अनेकांना आठवत असेल. सकाळी चालतंबोलतं असलेलं माणूस संध्याकाळी गेलेलं असे. कारण एकच. अंगातलं पाणी संपायचं.

कॉलराचा जंतू आपलं आतडं कुरतडत नाही की रक्तात विष भिनवत नाही. तो आतड्यात बसून एक द्रव्य सोडतो. कोलकात्याचेच डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९मध्ये हे दाखवून दिलं. या द्रव्यामुळे आतड्याच्या पेशी अंगातलं पाणी आणि मीठ बाहेर ओतू लागतात. भाताच्या पेजेसारखे पांढुरके जुलाब होतात. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकतं. गेलेलं पाणी आणि क्षार वेळेवर भरून काढले, तर माणूस जगतो. नाही काढले, तर जातो. इतका साधा हिशेब आहे.

प्रश्न एवढाच होता, की भरून काढायचं कसं? शिरेतून सलाईन देऊन हे जमतं, हे डॉक्टरांना माहीत होतं. पण त्यासाठी निर्जंतुक बाटल्या हव्यात, सुया हव्यात, नळ्या हव्यात, शीर शोधणारा शिकलेला हात हवा. कॉलरा मात्र जातो तो नेमका जिथं यातलं काहीच नसतं तिथं.

बनगावच्या दोन खोल्या

१९७१ साल उजाडलं. मार्चमध्ये पूर्व पाकिस्तानात लष्करानं कत्तल सुरू केली आणि माणसांचे लोंढे भारताच्या हद्दीत येऊ लागले. वर्ष संपेपर्यंत हा आकडा एक कोटीच्या घरात गेला. त्यात आला पावसाळा. छावण्यांमध्ये चिखल, उघड्यावरची घाण आणि गढूळ पाणी. कॉलऱ्याला आणखी काय हवं?

कोलकात्याहून जेसोर रोडनं सरहद्दीकडे निघालं, की शेवटचं मोठं गाव लागतं बनगाव. तिथल्या छावण्यांमध्ये लाखो निर्वासित. त्यांच्यासाठी एक छोटं रुग्णालय. संशोधन केंद्रानं नेहमीचं काम बाजूला ठेवलं. जूनच्या अखेरीला डॉ. महालनाबिस आपलं पथक घेऊन बनगावला पोहोचले. तेव्हा त्यांचं वय होतं ३६.

तिथं जे दिसलं, त्यानं ते हादरून गेले. कॉलऱ्याच्या रुग्णांसाठी दोन खोल्या. खाटा केव्हाच भरलेल्या. बाकीची माणसं जमिनीवर, एकमेकांना खेटून. सगळीकडे ओकाऱ्या आणि जुलाब. सलाईन लावायचं म्हणजे डॉक्टरांनी त्या घाणीत गुडघे टेकून बसायचं आणि शीर शोधायची. त्यांनी ते केलं. पण दोन दिवसांतच त्यांना कळून चुकलं, की ही लढाई आपण हरतोय. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. आणि पथकात सलाईन लावता येणारी माणसं होती फक्त दोन.

अशा वेळी माणूस काय करतो? वर पत्र लिहितो. 'साठा तातडीनं पाठवावा' म्हणून तार करतो आणि उत्तराची वाट बघतो. काही चुकलं, तर ठपका साठा न पाठवणाऱ्यावर. महालनाबिस यांनाही तसं करता आलं असतं. कोणी बोल लावला नसता.

त्यांनी ठरवलं, की आता तोंडानंच सलाईन पाजायचं.

साखर आणि मीठ, जोडीनं

ही कल्पना त्यांना आभाळातून सुचली नव्हती. तिची पूर्वपीठिका मोठी आहे आणि तिच्यात कोलकात्याचा वाटा बराच आहे. १९५३मध्ये तिथले डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी ग्लुकोज आणि मिठाचं पाणी पाजून कॉलऱ्याचे १८६ रुग्ण बरे केल्याचं 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात लिहिलं होतं. पण ते का बरे झाले, याचं उत्तर तेव्हा कोणाजवळ नव्हतं. म्हणून जगानं फारसं लक्ष दिलं नाही.

उत्तर मिळालं १९६० नंतर. आपलं आतडं मीठ एकट्यानं नीट आत घेत नाही. जुलाबात तर नाहीच. पण मिठाबरोबर ग्लुकोज असेल, तर दोघांना जोडीनं आत घेणारं एक वेगळं दार आतड्याच्या पेशींना असतं. एकट्याला मज्जाव, मेहुण आलं तर पंगतीला बसवायचं, असा तो प्रकार. ही जोडी आत गेली, की तिच्यामागोमाग पाणी जातं. आणि गंमत अशी, की कॉलऱ्याच्या जंतूला हे दार बंद करता येत नाही. जुलाब चालू असतानाही ते उघडंच असतं. म्हणून 'पाजलं की बाहेर पडतं, मग पाजायचं कशाला?' हा सवाल चुकीचा आहे. बाहेर पडत असतं ते खरं, पण त्याच वेळी आतही जात असतं.

१९६८मध्ये ढाक्यात डॉ. डेव्हिड नॅलिन आणि डॉ. रिचर्ड कॅश यांनी मोठ्या माणसांवर हा उपाय करून दाखवला. कोलकात्यातही डॉ. नॅथॅनियल पिअर्स आणि त्यांचे सहकारी याच वाटेवर होते. पण हे सगळं रुग्णालयात चाललेलं. बाजूला मोजमाप करणारे डॉक्टर आणि नर्स. शिवाय भीतीला कारणही होतं. पूर्वी फिलिपिन्समध्ये अशाच एका प्रयोगात मिश्रणाचं प्रमाण बिघडलं आणि रुग्ण दगावले होते. त्यामुळे हे पाणी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय, अडाणी माणसांच्या हाती, छावणीच्या गोंधळात द्यायला कोणी धजावत नव्हतं.

महालनाबिस यांनी नेमकं तेच केलं. पुढं काही विपरीत घडलं असतं, तर जाब त्यांना एकट्याला द्यावा लागला असता. बनगावच्या त्या दोन खोल्यांत त्यांनी ही जोखीम अंगावर घेतली. मला त्यांचा मोठेपणा वाटतो, तो इथं.

कोलकात्यात संशोधन केंद्राच्या ग्रंथालयाचा कारखाना झाला. पुस्तकांच्या कपाटांशेजारी बसून माणसं पुड्या भरू लागली. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम खायचं मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा. तिन्ही वस्तू बाजारात मिळणाऱ्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायचं आणि गरम इस्त्रीनं तोंड बंद करायचं. पिशव्या गाडीत घालून बनगावला. तिथं पिंपात स्वच्छ पाण्यात कालवायच्या. पिंपाला तोटी. रुग्णाच्या आईनं, भावानं, बायकोनं तोटीवरून मगात पाणी घ्यायचं आणि पाजत राहायचं. रुग्णाला पुरे होईपर्यंत पाजायचं. नर्स कमी होत्या, पण नातेवाईक काही कमी नव्हते!

पहिल्यांदा कुरकुर झालीच. बाकीचे डॉक्टर आणि कर्मचारी साशंक. नातेवाइकांना वाटे, आपण गरीब आणि निर्वासित, म्हणून खरं औषध न देता पाण्यावर बोळवण करतायत. महालनाबिस यांनी त्यावर तोड काढली. त्यांनी सांगितलं, हेही सलाईनच आहे. फक्त सुईनं द्यायच्या ऐवजी तोंडानं द्यायचं. 'ओरल सलाईन' हे नाव लोकांनी उचललं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

जे बेशुद्धीच्या काठावर होते, ज्यांची नाडी लागत नव्हती, त्यांना आधी शिरेतून सलाईन दिलं जाई आणि शुद्धीवर आले की तोंडानं. त्यामुळे उरल्यासुरल्या बाटल्या खऱ्या गरजूंना पुरल्या.

दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू लागला. अशा छावण्यांत शंभरातले वीस-तीस रुग्ण मरत होते. बनगावला दोन महिन्यांत तीन हजारांहून जास्त रुग्णांवर उपचार झाले आणि मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं. या आकड्यांचा अर्थ काय? दर शंभरामागे पंचवीस माणसं, जी मरणार होती, ती उठून आपल्या तंबूत परत गेली. पाजणारे हात होते, त्यांच्या आयांचे आणि बायकांचे.

जग हळूहळूच ऐकतं

जागतिक आरोग्य संघटनेत जुलाबाच्या आजारांचं काम बघणारे डॉ. धीमान बरुआ छावणीत आले. त्यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि ते या उपायाचे वकीलच झाले. हे पाणी घरी कसं करायचं, याची कृती बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या गुप्त रेडिओ केंद्रावरूनही सांगितली गेली. महालनाबिस यांचा बनगावच्या अनुभवावरचा लेख १९७३मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

पण जगातले बडे डॉक्टर चटकन पटवून घेईनात. इतका स्वस्त उपाय इतका चांगला कसा असेल, हीच शंका. अखेर १९७८मध्ये 'लॅन्सेट'नं अग्रलेखात लिहिलं, की साखर-मिठाच्या या जोडीचा शोध हा बहुधा या शतकातला वैद्यकातला सर्वांत महत्त्वाचा शोध ठरावा. त्याच सुमाराला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं ओआरएसच्या पुड्या जगभर न्यायला सुरुवात केली. बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेच्या बायका १९८०पासून दहा वर्षं दारोदार फिरल्या. तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ आणि मूठभर गूळ पाण्यात कसा कालवायचा, हे त्यांनी एक कोटी वीस लाखांवर घरांत एकेका आईला बसवून शिकवलं.

१९८०च्या सुमाराला जगात पाच वर्षांखालची ४५ लाखांहून जास्त मुलं दरवर्षी जुलाबानं दगावत. आता हा आकडा साडेचार लाखांच्या आसपास आलेला आहे. यात स्वच्छ पाणी, संडास, लसी यांचा वाटा आहेच. पण एकट्या ओआरएसनं आजवर पाच कोटींहून जास्त जीव वाचवले असावेत, असा अंदाज तज्ज्ञ देतात.

महालनाबिस यांनी या कृतीचं पेटंट घेतलं नाही. १९७० नंतर ते जागतिक आरोग्य संघटनेसाठी अफगाणिस्तान, इजिप्त आणि येमेन इथं कॉलऱ्याशी लढायला गेले. ग्लुकोजऐवजी तांदळाचं पीठ वापरून केलेल्या ओआरएसवर त्यांनी लहान मुलांत संशोधन केलं. म्हणजे आपली भाताची पेजच की! पुढं ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय जुलाबरोग संशोधन केंद्रात त्यांनी संशोधनाची मोठी जबाबदारी सांभाळली. १९९४मध्ये स्वीडनच्या विज्ञान अकादमीनं त्यांना परदेशी सदस्य करून घेतलं. २००२चं पोलिन पारितोषिक आणि २००६चा थायलंडचा प्रिन्स महिडोल पुरस्कार त्यांना सहकारी संशोधकांबरोबर मिळाला. कोलकात्यातल्या मुलांच्या एका रुग्णालयाला त्यांनी एक कोटी रुपयांची देणगी दिली.

आणि आपण त्यांना काय दिलं? हयातीत एकही पद्म पुरस्कार नाही. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी कोलकात्यात त्यांचं निधन झालं. वय ८७. जानेवारी २०२३मध्ये 'पद्मविभूषण' जाहीर झालं, मरणोत्तर. घ्यायला माणूस नव्हता.

एवढंच होतं होय?

मानसन्मानाचं जाऊ द्या. त्यांच्या जिवाला त्याची खंत होती की नाही, कोण जाणे. पण त्यांनी जे शिकवलं, ते तरी आपण घेतलं का?

२०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं, की आपल्या देशात जुलाब झालेल्या शंभर मुलांपैकी एकसष्ट मुलांना ओआरएस मिळालं. आधीच्या पाहणीपेक्षा दहानं जास्त. आनंद आहे. पण बाकीच्या एकोणचाळीस पोरांचं काय? बनगावला जे एका छावणीत जमलं, ते स्वतंत्र देशात पन्नास वर्षांनंतर पुरतं जमलेलं नाही. काही संशोधकांनी बिहार आणि कर्नाटकात डॉक्टर ओआरएस का लिहून देत नाहीत, हे तपासलं. त्यांचा अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत मोठं कारण निघालं ते असं, की डॉक्टरांना वाटतं, पेशंटलाच ते नको असतं! म्हणजे आपण बाटली मागतो असं समजून डॉक्टर बाटली लावतात आणि डॉक्टर बाटली लावतात म्हणून आपण तीच मागतो. डॉक्टरांना दोष देण्याआधी आपण आपल्या तोंडाकडे बघायला हवं.

त्यात बाजारानं आणखी घोळ घातला. फळांच्या चवीची, साखरेनं भरलेली पेयं ओआरएसच्या नावाखाली औषधांच्या दुकानात वर्षानुवर्षं विकली गेली. साखर जास्त झाली, तर जुलाब वाढतात. हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ बाई याविरुद्ध कैक वर्षं झगडल्या. अखेर ऑक्टोबर २०२५मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर 'ओआरएस' हा शब्द वापरायला बंदी केली. तेव्हा दुकानात मागताना 'जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे' ही ओळ वेष्टनावर आहे का, ते वाचून घ्या.

आता एक घरची गोष्ट सांगतो. आजवर कधी लिहिली नव्हती.

माझ्या पाठीवर एक भाऊ होता. दीड वर्षाचा असताना गेला. मी सहा वर्षांचा होतो. पावसाळ्याचे दिवस, गावापासून दवाखाना आठ मैल आणि ओढ्याला पूर. पोराला ढाळ लागले. सगळ्या आळीचं म्हणणं पडलं, की पाणी तोडा, पोटाला आराम द्या. आजीनं पाणी तोडलं. तो कोरड्या ओठांनी घागरीकडे हात करत होता, हे मला अजून दिसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं संपलं. आजीनं जे केलं, ते मायेनंच केलं. तेव्हा सगळे तेच करत.

पुढं वीस-बावीस वर्षांनी, आरोग्य केंद्राच्या नर्सबाई गावात ओआरएसच्या पुड्या घेऊन आल्या. चावडीसमोर बायकांना जमवून त्यांनी पातेल्यात पुडी कालवून दाखवली. आजी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिनं ते पाणी चमच्यानं चाखून बघितलं. साखर आणि मीठच ते. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ''एवढंच होतं होय?''

त्यावर नर्सबाई काही बोलल्या नाहीत. मलाही काही सुचलं नाही. पण त्या दिवसापासून आजीनं आपल्या लुगड्याच्या पेटीत कायम दोन पुड्या ठेवल्या. आळीत कुणाचं मूल ढाळलं, की काठी टेकत स्वतः जायची आणि समोर बसून पाजायची. पाणी तोडा म्हणणाऱ्या बाईला ती एकदा केवढ्यानं ओरडली होती!

म्हणून वाचकहो, हा अंक खाली ठेवण्याआधी एवढं करा. घरातला औषधांचा डबा उघडा आणि ओआरएसच्या दोन-तीन पुड्या आहेत का बघा. नसतील, तर आजच आणा. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय, तेवढंच घ्या. लिटरची पुडी असेल, तर ती सगळी एकदम लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायची. अर्धी ठेवायची नाही. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर फेकून द्यायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, सावकाश, चमच्यानं. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करायचं नाही. पुडी अगदीच नसेल, तर लिटरभर पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. अंदाजपंचे नको, मोजूनच.

आणि हेही लक्षात ठेवा. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पाणीच पिईना, लघवी होईना, जुलाबात रक्त दिसलं किंवा ओकारी थांबेना, तर वाट बघायची नाही. सरळ दवाखाना गाठायचा. तिथं सुईचं सलाईनही लागू शकतं. पण वाटेतही पाजत जायचं.

समोरच्या वहिनींनी काल दुकानातून पाच पुड्या आणल्या. एक आमच्याकडे घेऊन आल्या. म्हणाल्या, ''तुमची परत करते.'' मी म्हटलं, ''राहू द्या वहिनी. तुमच्या सुनेच्या माहेरी पाठवा. तिथंही लहान मूल आहे ना?''